निळी खुर्ची

अरविंद चौगुल्याची खुर्ची निळी निघाली, आणि निघाली तीही सगळ्यांच्या देखत.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पक्षाच्या मिरजेच्या कार्यालयात चहा फिरत होता. भिंतीवर आदल्या दिवशीच्या मैदानाचा नकाशा लागला होता, एकेक चौकोन म्हणजे एकेक खुर्ची. साहेबांच्या भाषणाला ज्याचं काळीज चांगलं हललं त्याचा चौकोन लाल, थोडंफार हललं त्याचा पिवळा, आणि ज्याला काहीच झालं नाही त्याचा निळा. मागच्या रांगांत निळे होतेच. ते असायचेच, माणसं सभेला मांडवाच्या सावलीसाठीही येतात. पण पुढून दुसऱ्या रांगेत, लालभडक चौकोनांच्या मधोमध, एकच निळा चौकोन होता, आणि तो कुणाचा हे विचारायची कुणाला गरज पडली नाही. ती जागा गेली तीस वर्षं अरविंदचीच होती.

“काय रे अरविंदा,” रणधीर कणसेसाहेब म्हणाले, “भाषण चालू असताना वडा खायला गेला होतास काय?”

सगळे हसले. अरविंदही हसला. साहेबांनी चेष्टा केली की ज्याची केली त्यानं आधी हसायचं, असा तिथला रिवाज. पण साहेब स्वतः हसले नव्हते. ते त्यानं पाहिलं, आणि हातातला चहा त्याच्यानं संपवला गेला नाही.

आता हा काळीज मोजायचा उद्योग आला कुठून, ते सांगायला हवं. बंद खोलीत चिठ्ठी काढून उमेदवार ठरवायचा नाही, पक्षाच्या सभासदांनीच मतं देऊन तो निवडायचा, असा कायदा झाला आणि खऱ्या निवडणुकीच्या आधी घरातल्या घरात एक निवडणूक सुरू झाली. कायद्यात तिचं नाव प्राथमिक निवड, लोक म्हणत प्रायमरी. एकाच पक्षाचे दोघं-तिघं एकमेकांच्या उरावर बसले. मग सभा आल्या, सभा आल्या म्हणजे गर्दी आली, आणि गर्दी तर आपल्याकडे टेम्पोतून येते नि जेवून जाते. सकाळी एकाच्या नावाची टोपी, संध्याकाळी दुसऱ्याच्या. गर्दीचे फोटो संगणकच बनवून देऊ लागला, त्यात माणूस शोधूनही सापडायचा नाही. फोन करून विचारावं, तर लोक विचारणाऱ्याला बरं वाटेल ते सांगत. टाळ्या खोट्या, घोषणा खोट्या, हार-तुरे तर विचारूच नका. मग खरं राहिलं काय? काळीज, असं पुण्याच्या एका कंपनीनं ठरवलं.

मैदानाभोवतीच्या खांबांवर छोटे डबे बसत. त्यांतून रडारच्या लहरी निघत. विमान शोधतात तीच युक्ती, फक्त लहरी फार बारीक. त्या माणसाच्या छातीवर आपटून माघारी येत. काळजाच्या प्रत्येक ठोक्याला आपली छाती केसभर हलते, श्वासाला त्याहून जास्त. माघारी आलेल्या लहरीत तेवढा फरक पडतो, आणि कुठल्या खुर्चीवरून किती फरक आला ते संगणक वेगळं काढतो. अंगावर शाल असो की जाकीट, लहर आरपार. प्रायमरीच्या सभेला फक्त सभासद, आणि सभासदाची खुर्ची ठरलेली, त्यामुळं कुणाचं काळीज कुणाच्या नावावर जायची सोय नव्हती.

आपली माणसं काही कमी नाहीत. कुणी कॉफी ढोसून आलं, कुणी मैदानाला फेऱ्या मारून आलं. यंत्र बधलं नाही, कारण ते नुसता वेग बघतच नव्हतं. वक्त्याचं वाक्य चढलं तेव्हा तुमचा ठोका चढला का आणि वाक्य संपल्यावर खाली आला का, एवढंच ते बघायचं. कॉफीवाल्याचं काळीज साहेब नाक पुसत असतानाही धडधडतं, ते यंत्र हिशेबात धरत नव्हतं. घोषणा देताना दम लागतोच, म्हणून घोषणांचा वेळही वगळलेला. गप्प बसून ऐकताना तुम्हाला आतून काय होतं, ते मोजायचं. पदं, समित्या, पुढं वॉर्डातली उमेदवारी, सगळं त्या रंगावर ठरू लागलं. घराघरांत भांडणं लागली. भावकीच्या वादात पूर्वी बांध निघायचा, आता रंग निघू लागला.

आणि अरविंद तर घोषणा देणारा माणूस. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. साहेबांचं वाक्य कुठं मोडणार, लोकांचा श्वास कुठं भरणार, हे अंगात असावं लागतं. घोषणा लवकर दिली तर वाक्याचा चुराडा, उशिरा दिली तर फुग्यातली हवा गेलेली. अरविंदनं “कोण आला रे कोण आला” म्हणून हात वर केला की हजार माणसं एका तोंडानं उठायची. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं, पण तिथं त्याची बायको उज्ज्वलाच बसायची. तांब्याची तार गुंडाळायला ती पुस्तकात बघून शिकली, कारण नवरा कायम साहेबांच्या गाडीत. “या खेपेला वॉर्ड तुझा,” असं साहेब दर खेपेला म्हणायचे, आणि अरविंदला ते दर खेपेला खरं वाटायचं.

“साहेब, यांच्या आजूबाजूच्या खुर्च्या बघा ना,” यंत्राचं काम बघणारी केतकी राजमाने म्हणाली. ती कंपनीची माणूस, तिला इथलं मान-अपमानाचं काही ठाऊक नव्हतं. “सगळ्या लाल आहेत. यांच्यामुळं लोक पेटतात.”

“लोक पेटतात गं,” साहेब म्हणाले, “पण काडी स्वतःच ओली निघाली, त्याचं काय करायचं?”

या वेळी कुणी हसलं नाही. अरविंदच्या कानशिलात कुणी हाणली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

घरी येऊन त्यानं जेवणाला नको म्हटलं. उज्ज्वलानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

“अहो, तुमची ती गोळी! काळीज सावकाश चालायला दिलेली. ती घेतल्यावर यंत्राला काय डोंबल दिसणार आहे?”

अरविंद उठून उभाच राहिला. दोन वर्षांपूर्वी त्याच्या काळजाच्या नळीत स्प्रिंग बसवली होती आणि तेव्हापासून रोज सकाळी ती गोळी होती. ही साधी गोष्ट डोक्यात कशी आली नाही? फाशीची शिक्षा रद्द झाल्यासारखा तो तडक डॉक्टर तांबोळींकडं गेला.

“बरोबर आहे वहिनींचं,” डॉक्टर म्हणाले. “भीती, राग, आनंद, काहीही झालं की शरीर रक्तात एक रस सोडतं. तो काळजाशी जाऊन सांगतो, पळ. ही गोळी त्याची जागा आधीच अडवते. एसटीत रुमाल टाकून सीट धरतात बघा, तसं. रस येतो, जागा नाही म्हणून माघारी जातो.”

“आणि गोळी नाही घेतली तर?”

“तो विचारही करू नका. इतके दिवस दाबून धरलेलं काळीज एकदम सोडलं की दुप्पट उसळतं. तुमच्यासारख्याच्या जिवावर बेतायचं ते.”

डॉक्टरांचं बाकीचं बोलणं दवाखान्यातच राहिलं. ‘दुप्पट उसळतं’ एवढंच अरविंद घरी घेऊन आला.

घरी यायच्या आधी, दवाखान्यातून निघाल्यावर, तो साहेबांकडं गेला होता. गोळीचं पाकीट दाखवलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं. साहेब गाडीत बसत होते.

“आता निळा निघालेला प्रत्येक जण गोळी दाखवतोय रे,” ते म्हणाले. “परवा तो बापू बायकोच्या गोळ्या घेऊन आला होता. तू तसा नाहीस, मला माहीत आहे. पण माहीत असून उपयोग काय? शेवटची सभा आहे रविवारी. तिथं काय ते दिसू दे.”

दार लागलं, गाडी गेली. एवढं बोलले हेच खूप झालं, असं अरविंदला वाटलं. सोमवारपासून त्यानं गोळी घेतली नाही. सकाळी पाणी प्यायचा, गोळी मुठीत ठेवायचा आणि मोरीत सोडून द्यायचा.

काळीज खरंच उसळू लागलं. जिना चढताना धडधड, फोन वाजला तरी धडधड. भीती वाटायच्या ऐवजी त्याला हुरूप येत होता. रविवारी सकाळी उज्ज्वलानं त्याला मोरीपाशी पकडलं, मूठ उघडली आणि तिच्या तोंडाचा रंग उतरला.

“कधीपासून?”

“आजच्या दिवस गं. सभा झाली की लगेच घेतो.”

“मरायचंय का तुम्हाला त्या माणसासाठी?”

“त्यांना एकदा दिसू दे. नुसतं एकदा. तीस वर्षं केलं ते खोटं नव्हतं, एवढं त्यांना दिसलं की मला काही नको. वॉर्डही नको.”

भांडून उपयोग नाही हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. “मीही येते,” ती म्हणाली. “पडलात तर उचलायला कुणीतरी हवं.” तिला त्यानंच कधीतरी सभासद करून ठेवलं होतं, संख्या भरायला. तिकडे ती फिरकली मात्र कधी नव्हती.

मैदान खच्चून भरलं होतं. हलगी कडकडत होती, खांबांवरचे डबे आपापल्या जागी होते, अरविंद दुसऱ्या रांगेत आणि त्याच्या शेजारी, आयत्या वेळी तिच्या नावावर करून घेतलेल्या खुर्चीत, उज्ज्वला. साहेब व्यासपीठावर चढले तेव्हा त्यानं अशी काही घोषणा दिली की मागच्या रांगा खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. मग तो खाली बसला, दम खाली येऊ दिला आणि छातीवर हात ठेवून वाट बघू लागला. आता येईल. साहेब बोलतील, अंगावर काटा येईल, काळीज असं उसळेल की खांबावरचा डबा फुटेल.

साहेब महागाईवर बोलले, पाण्यावर बोलले. अरविंदच्या छातीत काही झालं नाही. हरकत नाही, ही सुरुवातच असते. मग साहेबांचा आवाज खाली आला आणि अरविंद सावरून बसला, कारण आता पूर येणार हे त्याला ठाऊक होतं.

“महापुराची ती सकाळ आठवते का?” साहेब म्हणाले. “पाणी छातीला लागलं होतं. पलीकडं माणसं छपरांवर चढून टाहो फोडत होती. सरकार कुठं होतं? कुणीही नव्हतं! मी म्हटलं, रणधीर, आज नाही तर कधी? आणि मी होडीत उडी मारली!”

अरविंदनं ही गोष्ट शंभरदा ऐकली होती. होडीत साहेब नव्हते, तो स्वतः होता, तेही त्याला माहीत होतं. तरी दर वेळी ‘उडी मारली’ म्हटलं की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. साहेबांनी मारली काय, आपण मारली काय, एकच, असं तो मानायचा. आज गोळी नव्हती. काळीज मोकळं होतं, दुप्पट उसळायला तयार होतं. त्यानं मनगटावर बोट ठेवलं. नाडी आपली दुकानातल्या घड्याळासारखी चालली होती. त्यानं डोळे मिटून पाणी आठवलं, साहेबांनी पाठीवर टाकलेला पहिला हात आठवला, पुण्याच्या मोर्चात खाल्लेला मार आठवला. काही नाही. साहेब कुठं थांबणार, कुठला शब्द ओढणार, हे तेवढं त्याला दिसत होतं, आणि बाकी काहीच वाटत नव्हतं. गोळीचं नव्हतंच ते. कधी विझलं कुणास ठाऊक, पण आत काही उरलं नव्हतं.

हे कळलं आणि मग मात्र त्याचं काळीज भीतीनं असं उसळलं की डोळ्यांपुढं काळोख आला. पण तेव्हा साहेब पाणी पीत होते. त्या वेळचं यंत्र धरत नव्हतं.

घोषणा त्यानं वेळेवर दिली. तीत काही कमी-जास्त झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी दोघांनाही बोलावलं. अरविंदला नकाशाकडं बघायचा धीर होत नव्हता. बघितलं तर त्याची खुर्ची निळी होती, आणि तिच्या शेजारची खुर्ची इतकी लाल की काळपट दिसत होती.

“वहिनी!” साहेब उठून उभे राहिले, हात जोडले. “अख्ख्या मैदानात तुमच्याइतकं लाल कुणी नाही. असा खजिना घरात दडवून ठेवला होता होय यानं?”

“मी असा आलेख कुणाचाच पाहिला नाही,” केतकी म्हणाली. तिनं पडद्यावर दोन रेषा दाखवल्या, एक साहेबांच्या आवाजाची, दुसरी उज्ज्वलाच्या काळजाची. “वाक्य चढलं की ठोका चढलाय, प्रत्येक वेळी. पुराच्या गोष्टीला तर बघा.”

“ठरलं मग,” साहेब म्हणाले. “तो वॉर्ड बायकांना राखीव होतोय. वहिनी उभ्या राहतील. काय वहिनी?”

“तो राग होता, साहेब,” उज्ज्वला म्हणाली.

खोलीतल्या सगळ्यांनी माना वळवल्या. अरविंदनं तिचा पदर ओढला, तिनं तो सोडवून घेतला.

“होडीत तुम्ही नव्हता. हे होते. हे गावाला बाहेर काढत होते आणि मी सासूला घेऊन पत्र्यावर बसले होते, दोन रात्री. तुम्ही पाणी उतरल्यावर आलात, फोटोवाला घेऊन. काल तुम्ही ‘उडी मारली’ म्हणालात आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तुमच्या प्रत्येक वाक्याला गेली. ते मोजलंय तुमच्या यंत्रानं.”

साहेबांनी केतकीकडं पाहिलं. “काय गं, असं होतं?”

“होतं साहेब. राग काय, माया काय, ठोका तोच. ते वेगळं काढायला अजून जमलेलं नाही. करारात तसं लिहिलंय आम्ही.”

मग साहेब हसले, अगदी मनापासून, पोट धरून हसले.

“चालतंय की! वहिनी, रागावलेलं माणूस मतदानाला येतं. आज माझ्यावर रागावलंय, उद्या त्याला दुसऱ्यावर रागवायला लावता येतं. चाळीस वर्षं दुसरं काय केलं मी? वॉर्ड तुमचाच.”

“मला नको तुमचा वॉर्ड.”

“बरं, राहिलं. घाई नाही.” त्यांचं हसू ओसरलं आणि ते अरविंदकडं वळले. “लोभ चालतो, राग चालतो. निळ्याचं मात्र काही करता येत नाही. निळा माणूस घरी झोपून राहतो. पण तुझं तसं नाही. तुझं गोळीमुळं, होय ना रे?”

अरविंदच्या ओठांवर खरं आलं होतं. साहेब, गोळी घेतली नव्हती. जिवाची बाजी लावून आलो होतो आणि मला काही वाटलं नाही. एवढं बोलायचं आणि सुटायचं. पण सुटून जायचं कुठं? या खोलीबाहेर त्याला ओळखणारं कोण होतं?

“होय साहेब,” तो म्हणाला. “गोळीमुळंच.”

“कालही घेतली होतीस?”

“घेतली होती. सोडायची नाही म्हणून सांगितलंय डॉक्टरांनी.”

“मग झालं तर!” साहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. त्यांचाही जीव भांड्यात पडला होता, कारण अशी वेळेवर घोषणा देणारी माणसं आता मिळत नाहीत. “केतकी, याला मोजणीतून काढून टाक. कायमचा. याचं काळीज बघायचं कारण नाही.”

केतकीनं एक बोट लावलं आणि निळा चौकोन पुसला गेला.

उज्ज्वला फाटकाबाहेर पडली. रस्त्यावर आल्यावर थांबली.

“खोटं का बोललात?”

“खरं काय सांगू?” अरविंद म्हणाला. “आता आत काही नाही म्हणून सांगू? मग तू विचारशील, त्या पत्र्यावर मला कुणासाठी टाकून गेला होतात?”

“विचारलं होतं,” ती म्हणाली. “पाणी उतरलं तेव्हाच विचारलं होतं. तुम्ही साहेबांच्या नावानं घोषणा देत होता.”

ती दुकानाकडं चालू लागली. तो तिच्या मागं दोन पावलं गेला. तेवढ्यात कार्यालयातून कुणीतरी त्याला हाक मारली, साहेब निघालेत म्हणून, आणि तो माघारी फिरला.